वेष आणि चाल

आमचा नातू येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो व मल्लेश्वरमात आमच्याच घरी राहतो. अभ्यास आटोपला की रात्री तो संगणकापुढे बसून खेळ खेळतो. हे खेळ आमच्या लहानपणच्या सोंगट्यांचे किंवा पत्त्यांचे नव्हेत. पडद्यावर एक अफाट मुलूख पसरलेला असतो. त्यात डोंगर, नद्या, पडकी देवळे, राक्षस आणि दरोडेखोर असतात. आणि खेळणाऱ्याने आपल्या पसंतीचे एक पात्र घेऊन त्या मुलखात संचार करावयाचा असतो. पात्र पुरुषाचे घ्यावे की स्त्रीचे, हे पुष्कळ खेळांत ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. गेल्या पावसाळ्यात एके रात्री आम्ही सहज त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिलो, तो त्याचे पात्र म्हणजे हाती तलवार घेतलेली, लांब वेणीची एक तरुणी असल्याचे दिसले. 'हे रे काय?' असे आम्ही विचारताच त्याने मान न वळवता उत्तर दिले, 'आबा, चाळीस तास जिची पाठ पाहत बसायचे, ती निदान देखणी तरी असावी!'

आम्ही हसलो. परंतु त्या वेळी घरी आलेले आमचे एक स्नेही, नुकतेच नागपुराहून बदलून आलेले अधिकारी, हसले नाहीत. 'बायकी चाळे आहेत हे. वेळीच आवरा,' असे ते गंभीरपणे म्हणाले. नातवाने कानांवर यंत्र चढविलेले असल्यामुळे त्याला ते ऐकू गेले नसावे. आम्ही मात्र ऐकले आणि आम्हाला फार जुने असे काही आठवले. हाच शब्द आम्ही लहानपणी आमच्या थोरल्या काकांविषयी ऐकला होता. त्यांची हकिगत पुढे येईल. तूर्त एवढेच सांगतो की, पुरुषाला स्त्रीचे रूप घ्यावेसे का वाटते, हा प्रश्न त्या रात्री आमच्या मनात रुतून बसला. आणि त्याचे उत्तर शोधावयास कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाइतकी सोयीची जागा दुसऱ्या कोणाची नसेल, असेही ध्यानात आले. कारण या गोष्टीचा आपल्याकडील इतिहास कानडी आणि मराठी अशा दोन्ही मुलखांनी मिळून घडविला आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर सर्वांना ठाऊक आहे: कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, म्हणून पुरुषांना स्त्रियांची कामे करावी लागली. हे उत्तर खोटे नाही. 1842 मध्ये उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचा एक मेळा सांगलीस आला. त्यांचे खेळ पाहून श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसेच काही मराठीत करण्यास सांगितले, आणि 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' उभे राहिले. मराठी नाटकाची गंगोत्री म्हणून आपण सांगलीकडे बोट दाखवितो. त्या गंगोत्रीस पाणी पुरविणारा ढग मात्र कानडी होता, हे आपण फारसे बोलत नाही. त्या भागवतांत स्त्रीची सोंगे पुरुषच घेत, आणि यक्षगानातील 'स्त्रीवेष' ही आजही शिकून, घोटून आत्मसात करावयाची एक स्वतंत्र विद्या आहे. भाव्यांनी खेळ उचलला, त्याबरोबर ही चालही उचलली.

पुढे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यास 'शाकुंतल' आणि 1882 मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत दाखल झाले आणि त्यांच्या सुभद्रेने महाराष्ट्र वेडा केला. इकडे कानडी मुलखात मराठी मंडळ्यांचे दौरे इतके गाजत की, गदगच्या शांतकवींना कानडी नाटकाची स्वतंत्र मंडळी उभारणे हे आपल्या भाषेच्या अभिमानाचे कार्य वाटले. म्हैसूरच्या राजाश्रयाने बसवप्पा शास्त्रींनी 'शाकुंतल' कानडीत आणले; 1884 मध्ये तुमकूरजवळील गुब्बी गावी निघालेली नाटक कंपनी पुढे गुब्बी वीरण्णांच्या नावाने सर्व कर्नाटकात दुमदुमली. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' 1908 साली स्थापन झाली तीही हुबळीस. हे केशवराव लहानपणी देवलांच्या 'शारदे'त शारदेचे काम करीत. देणेघेणे असे दोन्ही बाजूंनी चालू होते, आणि दोन्ही बाजूंच्या मंडळ्यांत आवाज न फुटलेल्या, चेहऱ्याने नाजूक अशा मुलांचा शोध सतत चालू असे.

आपल्याकडेच असे होते असेही नव्हे. जपानात 1629 मध्ये स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी झाली आणि पुरुषांनी स्त्रीभूमिकेचे एक घराणेच निर्माण केले. इंग्लंडात 1660 पर्यंत शेक्सपियरच्या नायिका पोरगेलेसे मुलगे करीत. गुजराती रंगभूमीवर जयशंकर 'सुंदरी', आंध्रात स्थानम् नरसिंहराव आणि चीनमध्ये मेई लानफांग हे तर आपल्या बालगंधर्वांचे समकालीनच होत. तेव्हा अभावातून ही प्रथा निघाली, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि अभावाने प्रथेचा आरंभ कळतो, तिचे आयुष्य कळत नाही. कारण अभाव संपल्यावरही प्रथा चालूच राहिली. किंबहुना अभाव पूर्ण असा कधी नव्हताच. गाणाऱ्या-नाचणाऱ्या घराण्यांतील स्त्रियांनी चालविलेल्या नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकातच होत्या. त्यांत स्त्रियाच पुरुषांची कामे करीत. परंतु सभ्य समाजाने त्यांचे तिकीट काढले तरी त्यांची गणना नाट्यकलेत केली नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीसाठी स्त्री मिळेना म्हणून एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना त्यांनी लुगडे नेसविले. याच साळुंक्यांनी 1917 च्या 'लंकादहना'त राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. मधल्या काळात, 1913 मध्येच, 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमळाबाई मोहिनी. येथे योगायोग मोठा मौजेचा आहे. विष्णूने घेतलेले स्त्रीरूप म्हणजे मोहिनी, पुरुषाने स्त्री होण्याची आपल्या पुराणांतील सर्वांत प्रसिद्ध कथा. आणि आपल्या पडद्यावर स्त्रीने स्त्रीचे काम करण्यास आरंभ झाला तो याच भूमिकेने!

म्हणजे 1913 नंतर 'स्त्रिया मिळत नाहीत' ही सबब हळूहळू लंगडी पडू लागली. पण तेच 1913 साल गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेचे आहे. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचे वैभव यानंतरचे: 1916 ची रुक्मिणी, 1919 ची सिंधू, 1920 ची द्रौपदी. प्रेक्षकांना स्त्री हवी होती म्हणून ते बालगंधर्वांकडे जात नव्हते. त्यांना बालगंधर्वच हवे होते. 1935 मध्ये 'धर्मात्मा' चित्रपटात ते संत एकनाथांच्या पुरुषवेषात दिसले. तोवर त्यांचे वय सत्तेचाळीस झाले होते, अंग सुटले होते. आता लुगडे सोडण्यास याहून चांगले निमित्त मिळाले नसते. तरीही ते लवकरच रंगभूमीवर आणि आपल्या स्त्रीवेषाकडे परतले. हे कोणत्या गरजेने? पोटाची गरज होती, डोक्यावर कर्जही होते. परंतु तेवढ्याने या परतण्याचा उलगडा होतो असे आम्हास वाटत नाही.

आमच्या मते उलगडा त्यांच्या चालीत आहे. लुगडे, गजरा, दागिने आणि अत्तर हे सारे पैशाने आणता येते, आणि बालगंधर्वांनी त्यावर पैसा उधळला, इतका की मंडळी कर्जात बुडाली. पण चाल विकत मिळत नाही. पदर सावरण्याची ढब, मान कलती ठेवून ऐकण्याची रीत, रंगमंचावर येताना टाकलेले पहिले पाऊल, या गोष्टी त्यांनी घराघरांतील स्त्रियांकडे पाहून, वर्षानुवर्षे घोटून कमावल्या. आणि कमावल्या त्या इतक्या, की पुढे घराघरांतील स्त्रियाच त्यांच्याकडे पाहून लुगडे नेसू लागल्या, गजरे माळू लागल्या. 12 मार्च 1911 रोजी 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, अशी हकिगत आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. ती सांगताना आपण त्यांच्या निष्ठेचे कौतुक करतो. आम्हाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. शोक करणाऱ्या बापाला त्या रात्री एका मानी, हसऱ्या तरुणीच्या चालीने चालावयाचे होते. वेष चढविणारा माणूस हे करू शकत नाही. त्याला ती व्हावे लागते.

येथे दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे, नाहीतर हा लेख केवळ गौरवाचा होईल. पुरुषांनी रंगविलेली ही स्त्री पुरुषांच्या आवडीची होती. सिंधूच्या सोशिकपणावर महाराष्ट्र रडला. परंतु तळीरामाच्या संगतीला लागलेल्या नवऱ्याचे घर खऱ्या सिंधूने कसे चालवावे, हे त्या रडण्यातून तिला कळले नाही. आदर्श स्त्री कशी चालते हे एक पुरुष दाखवीत होता, आणि प्रत्यक्ष स्त्रीने रंगमंचावर पाऊल टाकले तर तिची अब्रू जात होती. पुरुषाला तीच भूमिका मानाची आणि स्त्रीला बदनामीची, असा हा हिशेब होता. तो बदलण्यास हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांचे धैर्य लागले. 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा' आले आणि ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, तेव्हा नाटकातील स्त्री जरा साधी, जरा बोलकी झाली. कर्नाटकात आर. नागरत्नम्मा यांनी 1958 मध्ये केवळ स्त्रियांची नाटक मंडळी काढली आणि स्वतः कंसासारख्या रौद्र भूमिका गाजविल्या. वेष बदलण्याचा अधिकार त्यांनी दुसऱ्या बाजूने वसूल केला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता बंगळुराकडे वळू. येथे बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याला हे शहर म्हणजे विधानसौध, कचेऱ्या, संगणकाच्या कंपन्या आणि वाहनांची कोंडी एवढेच वाटते. परंतु केंपेगौडाने 1537 मध्ये वसविलेली जुनी पेठ अद्याप नांदती आहे. 1638 नंतर शहाजीराजांचे वास्तव्य याच शहरी होते, आणि त्यांच्या दरबारातील नाना भाषांच्या कवींचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. या पेठेत तिगळरपेठ म्हणून भाग आहे. तेथे धर्मरायस्वामींचे, म्हणजे युधिष्ठिराचे, देऊळ आहे. तिगळ हा मळे आणि फुलबागा पिकविणारा समाज. चैत्र पौर्णिमेच्या रात्री त्यांचा करग निघतो.

करग म्हणजे द्रौपदीचा उत्सव. भारतीय युद्धानंतर पांडव निघून जात असताना द्रौपदी मागे राहिली, एका असुराशी लढताना तिने शक्तिरूप घेतले आणि आपल्या साह्यास वीरकुमार उत्पन्न केले. तिने जाऊ नये म्हणून त्यांनी हट्ट धरला तेव्हा दर वर्षी काही दिवस परत येईन, असे वचन तिने दिले, अशी येथील श्रद्धा आहे. ती येते ती एका पुरुषाच्या देहातून. तिगळ समाजातील जो पुजारी करग वाहणार, तो कित्येक महिने व्रतस्थ राहून अंगमेहनतीने सिद्ध होतो. उत्सवात त्याची पत्नी आपले मंगळसूत्र आणि बांगड्या त्याच्या स्वाधीन करते. तो पिवळे-केशरी लुगडे नेसतो, हातांत बांगड्या भरतो, कपाळी कुंकू लावतो. आणि मोगऱ्याच्या फुलांनी शंकूसारखा सजविलेला करग मस्तकावर घेऊन मध्यरात्रीनंतर देवळाबाहेर पडतो. भोवती उघड्या तलवारी घेतलेले शेकडो वीरकुमार 'गोविंदा, गोविंदा' असा घोष करीत चालतात. करगाला हाताचा आधार द्यावयाचा नाही. तो पडला तर याच तलवारी वाहणाऱ्यावर चालाव्यात, असा जुना संकेत सांगतात. वाटेत कॉटनपेठेतील तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यावर करग थांबतो आणि मग पुन्हा गल्लीबोळांतून पहाटेपर्यंत फिरतो.

आम्ही नोकरीच्या काळात दोनदा आणि निवृत्तीनंतर एकदा हा करग पाहिला आहे. गर्दीत उभे राहून आम्हाला जे जाणवले ते असे. त्या पुरुषाला मिशा असोत, दंडाचे स्नायू असोत, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाहणाऱ्या म्हाताऱ्या बाया हात जोडतात. तरुण पोरे, जी एरवी रस्त्यात कोणाचीही टिंगल करतील, ती एकाएकी गप्प होतात. सारी दृष्टी एका गोष्टीवर खिळलेली असते, आणि ती गोष्ट म्हणजे त्याची चाल. मस्तकावर फुलांचा तो भार, भोवती पोलादाचे पाते आणि त्यांतून झपाझप पण डोलत, न अडखळता पडणारी पावले. 'बायकी' हा शब्द त्या रात्री तिगळरपेठेत कोणी उच्चारील असे आम्हास वाटत नाही. उलट, वर्षातून एक रात्र स्त्री होण्यास त्या समाजातील सर्वांत कणखर पुरुष लागतो.

द्रौपदी येथेही आहे आणि 1920 च्या गंधर्व मंडळीतही होती, हे मनात आल्यावाचून राहत नाही. एका ठिकाणी मखमली पडदे, अत्तर आणि कर्ज; दुसऱ्या ठिकाणी उपास, मोगरा आणि तलवारी. हेतू अगदी निराळे: एकाचा कला, दुसऱ्याचा नवस. तंजावरकडे मराठे राजांच्या छत्राखाली वाढलेल्या मेलट्टूरच्या भागवतमेळ्यात पुरुष आजही प्रह्लादाची माता लीलावती होतात, तेही देवापुढील सेवा म्हणून. आपल्या संतांनी विठ्ठलाची विरहिणी होऊन अभंग लिहिले, शरणांनी स्वतःस सती आणि लिंगास पती मानले, ही भक्तीची वाट. हेतू असे अनेक असले तरी सर्वांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी कोणालाही ते रूप फुकट मिळाले नाही. कोणी वर्षानुवर्षांची तालीम दिली, कोणी व्रत केले, कोणी अहंकार सोडला. किंमत दिली म्हणून रूप अंगी लागले.

हे सर्व मनात घेऊन आम्ही पुन्हा नातवाच्या संगणकाकडे गेलो. या खेळांचाही आता इतिहास झाला आहे. 1986 मध्ये जपानात 'मेट्रॉइड' नावाचा खेळ निघाला. त्यातील चिलखत घातलेला योद्धा पुरुष आहे असे समजून मुले खेळत, आणि खेळ झटपट जिंकणाऱ्यास शेवटी कळे की चिलखतात स्त्री आहे. 1996 मध्ये इंग्लंडातून 'टूम्ब रेडर' आला. त्यातील लारा क्रॉफ्ट ही पुराणवस्तू शोधणारी धाडसी तरुणी जगभरच्या मुलग्यांनी चालविली. बंगळुरात 1997 मध्ये 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' ही कंपनी निघाली आणि असे खेळ घडविण्याच्या कामात हे शहरही सामील झाले. 2014 मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ खेळणाऱ्या 375 जणांचे वागणे तपासले. पुरुषांपैकी 23 टक्क्यांनी स्त्रीचे पात्र घेतले होते. स्त्रियांपैकी पुरुषाचे पात्र घेणाऱ्या केवळ 7 टक्के होत्या. स्त्रीरूप घेतलेले पुरुष बोलण्यात अधिक भावनाप्रधान आणि हसरे झाले होते. चालण्यात मात्र ते पुरुषच राहिले होते: ते अधिक उड्या मारीत आणि इतरांपासून अधिक दूर उभे राहत.

हे वाचून आम्ही थक्क झालो. सांगलीपासून तिगळरपेठेपर्यंत जी गोष्ट सर्वांत कठीण ठरली, तीच येथे सुटली होती. वेष आला, बोलणेही थोडे आले, चाल आली नाही. आणि का यावी? पात्र निवडण्यास एक क्षण पुरतो. तेथे गुरू नाही, तालीम नाही, उपास नाही. नातवाने दिलेले उत्तर प्रामाणिक होते, त्याने पाहण्यासाठी स्त्री निवडली होती, होण्यासाठी नव्हे. त्यात बायकी असे काही नव्हतेच. आमच्या स्नेह्यांची भीती अस्थानी होती; काळजी करावयाची तर उलट कारणासाठी करावयास हवी होती. स्त्रीचे रूप जर नुसते पाहण्याचे बाहुले झाले, तर चाळीस तासांनीही माणूस होता तेथेच राहील.

परंतु आमचा हा निष्कर्ष अपुरा होता, आणि तो पुरा करण्याचे श्रेय नातवासच आहे. दिवाळीच्या सुमारास एके रात्री तो खेळ मध्येच थांबवून आमच्या खोलीत येऊन बसला. हे खेळ आता अनोळखी माणसांबरोबर जाळ्यावरून खेळतात. तो म्हणाला, 'आबा, मी मुलगी आहे असे समजून आधी लोकांनी मला फुकट तलवारी दिल्या, ढाली दिल्या. मजा वाटली. मी नको म्हटल्यावर आज त्यांतल्याच एकाने जे लिहिले, ते मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही.' थोडा वेळ थांबून तो पुढे म्हणाला, 'माझ्या वर्गातली एक मुलगी फार चांगली खेळते. ती पुरुषाचे नाव घेऊन खेळते. मला वाटायचे, तिला आवड असेल.'

मुलगे आवडीने स्त्री होतात आणि मुली भीतीने पुरुष होतात, हे त्याला त्या रात्री समजले. शंभर वर्षांपूर्वी रंगभूमीवर जो हिशेब होता, तोच या नव्या रंगमंचावर आहे: भूमिका तीच, पुरुषाला गंमत आणि स्त्रीला जोखीम. फरक इतकाच की येथे पुरुषालाही ती जोखीम घटकाभर अंगावर घेता येते. आमच्या नातवाने ती घेतली, नकळत का होईना. त्याने पात्र बदलले नाही. मात्र त्या दिवसापासून खेळात कोणी एखाद्या मुलीस छळू लागले की तो मध्ये पडतो, असे त्याच्या आजीने आम्हास सांगितले. आम्हाला वाटते, चालीचे पहिले पाऊल ते हेच.

आता थोरल्या काकांविषयी. ते हुबळीस रेल्वेत कारकून होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत तेथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात नाटके होत आणि स्त्रीपार्ट हौशी पुरुषच करीत. काका सिंधू करीत. आम्ही ते पाहिलेले नाही. आम्हास आठवतात ते पुढचे काका, टक्कल पडलेले, अबोल. आणि आठवते ते घरातील वडीलधाऱ्यांचे कुजबुजणे, की बायकी माणूस, म्हणून साहेबाच्या नजरेत भरला नाही. त्यांचा सिंधूच्या वेषातील एक फोटो होता. तो भिंतीवर कधी लागला नाही. काकूंच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत असे. एकदा, आम्ही महाविद्यालयात असताना, धीर करून आम्ही त्यांना विचारले, 'काका, तुम्हाला लाज नाही वाटली?' ते रागावले नाहीत. म्हणाले, 'पहिले आठ दिवस पदर सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीस आला. तेव्हा कळले, आई दिवसभर काय काय सांभाळते.' काकूंनी तो फोटो का जपला होता, ते आम्हाला त्या वेळी समजले नव्हते.

काका आणि काकू दोघेही आता नाहीत. तो फोटो आमच्याकडे आला आहे, आणि गेल्या महिन्यात आम्ही तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. नागपूरकर स्नेही परवा आले तेव्हा त्यांनी विचारले, 'या कोण? आपल्या मातोश्री का?' आम्ही काय उत्तर दिले, ते वाचकांनी ताडावे. ते बराच वेळ फोटोसमोर उभे राहिले आणि मग त्यांनी आपण होऊन सांगितले की, त्यांचे वडीलही गावच्या नाटकात रेवती करीत असत. घरात मात्र ती गोष्ट कोणी काढीत नसे.

येत्या चैत्र पौर्णिमेस आम्ही त्या दोघांस, आमच्या स्नेह्यांस आणि नातवास, तिगळरपेठेत घेऊन जाणार आहोत. आपल्यापैकी जे बंगळुरात आहेत, त्यांनीही बदलीचा हुकूम हाती पडण्यापूर्वी एक रात्र तेथे अवश्य उभे राहावे. वेषाकडे पाहू नये. तो लांबूनही दिसतो. गर्दीतून जरा पुढे सरकून पावलांकडे पाहावे.